गोटे आणि पूल : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

घरी ‘दगड पाहायला चाललो’ असं सांगू नये. ‘महापाषाणयुगीन दफनस्थळं’ म्हणावं. डबा लगेच भरून मिळतो.

गोंदियाला नागपूरकडची गाडी धरावी. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली ही वाट. 1882 मध्ये नागपूर-राजनांदगाव मीटरगेज झाली आणि 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने पुढे ती ब्रॉडगेज केली. मुंडीकोटा मागे पडलं की वैनगंगेचा पूल. तो गाडीतूनच पाहायचा असतो, म्हणजे पूल सोडून सगळं दिसतं. रुळांचा आवाज बदलला की समजावं. नदीत टाकायचं नाणं आधीच मुठीत ठेवा. पाकीट चाचपत बसलात तर वैनगंगेचा रुपया तुमसर रोडच्या फलाटाला अर्पण होतो. एसी डब्यात असाल तर नुसते हात जोडा.

नागपूरला तर्री-पोहे खाऊन काटोल रस्त्याने जुनापाणी गाठावं; ती दफनस्थळं तिथेच. ऑटोवाला विचारेलच, “काय पाहाले चालले जी? गोटे तं आमच्या वावरातबी आहेत.” वाद घालू नये. त्याचं खरंही असू शकतं.

पोचल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. घाबरू नका. एक काळा धोंडा निवडा, त्याच्या शेजारचा पाहा, मग त्याच्या शेजारचा. रिंगण पुरं झालं, मधला मुरमाचा उंचवटा दिसला, की एकदम चहूकडे रिंगणंच रिंगणं. इथे अशी तीनशेच्या आसपास आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी मेलेल्यांसोबत मडकी आणि लोखंडी हत्यारं पुरली. जवळच्या माहुरझरीला तर घोडाही तांब्याच्या साजासकट मिळाला. त्या माणसांच्या घरांपेक्षा थडगीच आपल्याला जास्त सापडली आहेत.

आता गुडघ्यावर बसा. काही धोंड्यांवर रांगेने कोरलेले उथळ खळगे आहेत; तिरप्या उन्हात नीट दिसतात, दुपारी बारा वाजता नाही. रिव्हेट-कार्नॅक या कापूस-कमिशनर साहेबाने 1879 मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि थेट विलायतेतल्या खळग्यांशी त्यांचं नातं जोडलं. सोयरीक जुळवायची हौस साहेबांनाही होती.

हिवाळ्यातच जावं. पावसाळ्यात गवत रिंगणं गिळतं आणि मे महिन्यात धोंड्यावर टेकण्याचं धाडस करू नये. खळग्यांत खडू भरून फोटो काढू नये. आठवण म्हणून दगड उचलायचा मोह झालाच, तर ऑटोवाल्याच्या वावरातून घ्यावा.