मामांना ताबडतोब पाठवा

त्या यंत्राची आमच्या घरातली सुरुवातच बुडण्याने झाली. कुरिअरच्या पोऱ्याने अंगठ्याएवढी ती कांडी हातात ठेवली, तेवढ्यात बायको समोरून येताना दिसली, म्हणून मी ती घाईघाईने पायजम्याच्या खिशात सरकवली, मग कुठे सरकवली ते विसरून दोन तास घर पालथं घातलं, आणि शेवटी आठवलं तेव्हा पायजमा वॉशिंग मशीनमध्ये दुसऱ्या पाण्यातून निघत होता. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात असं ऐकून होतो. आमचा भंडारा जिल्हा धानाचा, तांदळाला काय तोटा? चार दिवस कांडी कोठीत पुरून ठेवली. पाचव्या दिवशी बायकोने तांदूळ निवडताना ती खड्यांबरोबर बाजूला काढली.

"हे काय होय जी?"

"रेडिओ."

"आवाज नाही, बटन नाही, आणि दोन हजाराचा?"

किंमत तिला कशी कळली, हे मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्याचं मूळ शिकागोत आहे. तिथे असलेला आमचा भाचा फोनवर सांगत होता की अमेरिकेत कित्येक म्हातारी माणसं घरी स्कॅनर लावून बसतात आणि पोलीस, आगीचा बंब, ॲम्ब्युलन्स यांचं वायरलेसवरचं बोलणं दिवसभर ऐकतात. मुळात तिकडे ही गोष्ट उघड्यावरच वाढली. डेट्रॉइटच्या पोलिसांनी 1920 च्या दशकात रेडिओ केंद्र काढलं, तर त्याला परवाना मिळाला करमणुकीच्या केंद्राचा. त्यामुळे बिचाऱ्यांना चोरीला गेलेल्या मोटारींचे नंबर सांगता सांगता मध्ये गाणीही वाजवावी लागत. आता मात्र एकेक शहर आपलं बोलणं कूटभाषेत कुलूपबंद करत चाललंय. शिकागोने 2022 पासून ते सुरू केलं, लोकांना अर्ध्या तासाने शिळं बोलणं ऐकू येतं. न्यूयॉर्कने 2023 मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. पोलीस म्हणतात, चोरही ऐकतात आणि पीडितांची नावं-पत्ते चव्हाट्यावर येतात. पत्रकार म्हणतात, मग पोलिसांवर लक्ष कोण ठेवणार? दोघांचंही मला पटलं. पण म्हटलं, कुलूप शिकागोला लागलंय, भंडाऱ्याला थोडंच लागलंय!

म्हणून ती कांडी मागवली होती, आणि ती तांदळातून निघताच मी कामाला लागलो. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला अँटेना बांधली, कांडी जुन्या लॅपटॉपला जोडली, कानाला हेडफोन लावला आणि हातात वही घेतली. पहिले आठ दिवस नुसती खरखर. पण मी हाडाचा कारकून, खरखरीचीही नोंद ठेवली. रोज सकाळी 7.10 ते 7.25 ठराविक घुर्रघुर्र यायची, मध्येच थांबायची, पुन्हा यायची. कूटभाषा! मी लाल शाईने 'अतिगुप्त' असं लिहिलं. बायकोने वही वाचली आणि म्हणाली, "त्या टायमाला मी मिक्सरवर चटणी वाटतो."

मी खचलो नाही. मे महिना आला, लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी बायको नवीन लुगडं नेसून दारात उभी राहून काहीतरी सांगून गेली. माझ्या कानात हेडफोन होता, तरी सवयीने मान हलवली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की मान आपोआप हलते.

आणि सहाच्या सुमारास आवाज लागला. तुटक होता, पण माणसाचा होता.

"मामा कुठं आहेत? मामांना ताबडतोब पाठवा, वेळ निघून चालली!"

आता पोलिसाला आपल्याकडे मामा म्हणतात हे तुम्हाला मी काय सांगावं. माझ्या अंगावर काटा आला. पाठोपाठ दुसरा आवाज: "मुलीला खोलीतून बाहेर आणा." म्हणजे मुलीला डांबून ठेवलं होतं! मग, "गर्दी हटवा, मध्ये कोणी येऊ नका." मग, "तिने त्याचं तोंड बघायचं नाही, मध्ये कापड धरा." ही तर ओळखपरेड! मधूनमधून कोणीतरी गळा काढून, लांबलचक हेल काढत रडत होतं, ते रडणं थांबलं की एक करडा आवाज हुकूम सोडायचा, "सावधान!" पुन्हा रडणं, पुन्हा "सावधान!" एवढा कडक बंदोबस्त मी जन्मात ऐकला नव्हता.

मी शेजाऱ्यांना सावध करायला धावलो. त्यांच्या दाराला कुलूप. पलीकडच्या दाराला कुलूप. समोर कुलूप. सगळी गल्ली रिकामी! लोकांना केव्हाच सुरक्षित ठिकाणी हलवलं होतं आणि मी एकटा मागे राहिलो होतो. तसाच बनियन-पायजम्यावर, पायात एक माझी आणि एक बायकोची चप्पल अशा थाटात, हातातल्या मोबाइलवर 112 दाबायच्या बेतात दोन गल्ल्या ओलांडून गलक्याच्या दिशेने पळालो आणि दारातूनच ओरडलो, "मुलगी सुखरूप आहे ना?"

त्याच क्षणी माझ्या अंगावर अक्षता पडल्या.

मंगल कार्यालयात शेवटचं मंगलाष्टक नुकतंच संपलं होतं. मुलीचे दोन्ही मामा फेटे बांधून मागे उभे होते, भटजींच्या हातात बिनतारी माइक होता, आणि आमची सगळी गल्ली जरीच्या कपड्यांत उभी राहून माझ्या बनियनकडे बघत होती. बायको पुढे आली. "सहाला या म्हणून सांगून गेली होती," ती हळूच म्हणाली, "पण सदरा घालून या, असंही सांगाव लागन का जी?" पत्रिका पंधरा दिवस आमच्याच फ्रिजवर चिकटवलेली होती.

पंगतीत शेजारी नेमका एक वकील बसला. माझी कहाणी ऐकून त्याचा घास हातातच राहिला. "काका, तुमचं नशीब थोर, की लग्न ऐकलं," तो म्हणाला. आपल्याकडे कूटभाषेचं कुलूप नंतर येतं, कायद्याचं आधीच लागलेलं असतं. 1933 च्या वायरलेस कायद्यात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा होता. माझ्या वडिलांच्या साध्या रेडिओलासुद्धा पोस्टात पैसे भरून परवान्याचं पुस्तक घ्यावं लागे, ते मला आठवलं. आता 2023 चा दूरसंचार कायदा आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दोन कोटी! माझी पेन्शन आणि तो आकडा यांचा मी मनात भागाकार केला. उत्तर येईना, तेव्हा बुंदी परत केली.

रात्री झोप लागेना. मला 2020 चा ऑगस्टअखेर आठवला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं, वैनगंगा फुगली आणि अर्धं भंडारा शहर पाण्यात गेलं. त्या वेळी कोणाला चोरून काही ऐकायची गरज पडली नव्हती. हवं होतं ते मोठ्याने आणि वेळेवर सांगणं. पोलिसांनी आपसातलं बोलणं खुशाल कुलपात ठेवावं, एखाद्या लेकीबाळीचं नाव माझ्यासारख्या रिकामटेकड्याच्या कानी पडू नये हेच बरं. पण पुराचा इशारा, बंद रस्ता, उघडलेली धरणाची दारं, हे भोंगा लावूनच सांगायला हवं.

आणि कानाची खाज भागत नसेलच, तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, सरळ रस्ता आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग बोलायचं. 2004 च्या त्सुनामीत अंदमानशी संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला असलेल्या हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. मी पुस्तक आणलंय. वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्द मोर्स लागतं, खालच्या श्रेणीला मोर्स नाही. मी खालची धरली आहे.

कांडी परत तांदळाच्या कोठीत आहे. तुम्हाला मात्र एवढंच सांगतो: अडचण आली तर 112 लावा, ऐकायचं काम त्यांच्यावर सोडा. आणि बायको दारात उभी राहून काही सांगत असेल, तर आधी कानातलं काढा.