प्राधान्य क्रमांक एक : पाल

शंभर ठिकाणचे सायरन एकाच वेळी वाजले तर आधी कोणाकडे धावायचे, हे सायरन वाजण्याआधीच ठरवून ठेवणे म्हणजे अलार्मचा प्राधान्यक्रम. जालना जिल्ह्यातली एटीएम, सराफी पेढ्या, बियाण्यांची गोदामे आणि औद्योगिक वसाहतीतले सळईचे कारखाने यांच्यावर रात्री नजर ठेवणारी केंद्रे याच तत्त्वावर चालतात, असे त्यांच्या माहितीपत्रकात छापलेले असते. केंद्र सहसा जालन्यात नसते. ते एखाद्या महानगरात सातव्या मजल्यावर असते. तिथे एसी असतो आणि जालना नकाशावर असते.

दुकानातले पॅनल केंद्राला आकडे पाठवते. जगभर चालणाऱ्या ‘कॉन्टॅक्ट आयडी’ या पद्धतीत 110 म्हणजे आग, 120 म्हणजे कोणीतरी धोक्याचे बटण दाबले, 130 म्हणजे घरफोडी, 301 म्हणजे वीज गेली, 302 म्हणजे बॅटरी उतरली. 602 म्हणजे काहीही झालेले नाही, पॅनल अजून जिवंत आहे, इतकेच. या आकड्यांवरून संगणकाने वर्ग पाडायचे असतात. कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांसाठी रूढ असलेला दंडक सांगतो की शंभरातले जेमतेम पाच अलार्म पहिल्या वर्गात असावेत, पंधराएक मधल्या आणि उरलेले ऐंशी खालच्या. शिवाय एका ऑपरेटरपुढे दहा मिनिटांत साधारण एकच अलार्म यावा. ही शिस्त अनुभवातून आली. ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात 24 जुलै 1994 रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म येऊन पडले होते. त्यातला कामाचा कोणता, हे शोधायला त्यांना सवड मिळाली नाही.

आपल्याकडे वर्गवारी संगणक करत नाही, विक्री विभाग करतो. करारावर सही करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला पहिला वर्ग हवा असतो आणि विक्रेत्याला सही हवी असते, त्यामुळे दुसऱ्या वर्गात कोणी उरतच नाही. आग पहिल्या वर्गात, घरफोडी पहिल्या वर्गात आणि साहेबांनी आग्रह धरला म्हणून 301 सुद्धा पहिल्या वर्गात. मग एखादा फीडर बंद पडला की मंठा चौफुलीपासून पुढची सगळी दुकाने पडद्यावर एकदम लाल होतात. वीज येताच सगळी पूर्वपदावर आल्याचे तितकेच संदेश येतात, तेही लालच.

तरीही वीज ही किरकोळ बाब. केंद्राचा खरा मानकरी वेगळा आहे. एटीएमच्या खोलीत रात्रभर दिवा जळतो, दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते. भिंतीवरचा पीआयआर सेन्सर हालचालीबरोबर बदलणारी उष्णता टिपतो. चांगल्या जातीचा सेन्सर जमिनीवरून जाणाऱ्या पंचवीस किलोच्या कुत्र्याकडे काणाडोळा करतो, तशी सोयच त्यात असते. पाल मात्र जमिनीवरून जात नाही. ती थेट भिंगावर बसते आणि चार बोटांचा तो जीव सेन्सरच्या दृष्टीने अख्ख्या खोलीएवढा होतो. 130. घरफोडी. वर्ग पहिला. सातव्या मजल्यावर लाल चौकट उघडते, ऑपरेटर छतातल्या स्पीकरवरून हिंदीत ताकीद देतो, की आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात, ताबडतोब बाहेर पडावे. पाल बाहेर पडत नाही. ताकीद दुसऱ्यांदा दिली जाते, या वेळी इंग्रजीत. पाल किडा गिळते, म्हणजे पुन्हा हालचाल, पुन्हा 130, पुन्हा वर्ग पहिला. आता मे महिना घ्यावा. पारा बेचाळिशीला टेकलेला असतो, पत्र्याच्या गोदामातल्या भिंती मध्यरात्रीही माणसाच्या कातडीइतक्याच तापलेल्या असतात आणि उष्णतेतला फरकच न उरल्याने सेन्सरला माणूस नीट उमगत नाही. ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईत, घरे कुलूपबंद असताना यंत्राला चोर अंधुक दिसतो आणि पाल ठळक. यावर उपाय आहे: महिन्यातून एकदा शिडी लावून भिंग पुसणे आणि सेन्सरच्या फटी बुजवणे. त्यासाठी एक माणूस लागतो. माणूस लागू नये म्हणून तर यंत्र बसवलेले असते.

प्राधान्यानंतर मार्ग. प्रत्येक अलार्मसाठी तीन फोन नंबरांची उतरंड असते आणि आणीबाणीचा 112 त्या तिन्हींनंतर. पहिला नंबर बदली झालेल्या मॅनेजरचा. दुसरा मालकाचा, तो रात्री बंद. तिसरा वॉचमनचा. हा वॉचमन पूर्वी त्याच दाराशी खुर्ची टाकून बसत असे. यंत्र आले तेव्हा खुर्ची गेली आणि त्याच्याकडे पाच एटीएम आली, बारा तासांची ड्युटी आली, पेट्रोल स्वतःचे आले; पगार तिथेच राहिला. त्याला रात्री अडीचला फोन येतो आणि पत्ता सांगितला जातो तो प्लॉट नंबर, लेन नंबर, पिन कोड असा. जालन्यात असा पत्ता कोणी सांगत नाही. इथे अंबड चौफुली असते, मामा चौक असतो, गांधी चमन असते, अलीकडचा मारुती आणि पलीकडची पिठाची गिरणी असते. ज्याला गल्ली पाठ आहे त्याला केंद्रात नोकरी नाही आणि ज्याला नोकरी आहे त्याला गल्ली ठाऊक नाही, ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांना सल्लागार म्हणतात आणि त्यांची फी त्या वॉचमनच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी असते. याला काटकसर म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. पाचव्यांदा पालीसाठी उठवलेला माणूस सहाव्या फोनला कूस बदलतो, तेव्हा निष्काळजीपणाची नोटीस मात्र त्याच्याच नावे निघते.

शेवटचा टप्पा नोंद बंद करण्याचा. कारणांची यादी तयारच असते: ग्राहकाशी संपर्क झाला, संपर्क झाला नाही, हवामान, अन्य. पाल ‘अन्य’मध्ये जाते, चोरी उशिरा कळली तर तीही आधी ‘अन्य’मध्येच गेलेली आढळते. महिनाअखेरीस अहवाल निघतो, की सर्व अलार्म साठ सेकंदांच्या आत हाताळले. हाताळणे म्हणजे लाल चौकटीवर बोट ठेवणे. अहवालाला बिल जोडलेले असते, त्यावर 18 टक्के जीएसटी असतो आणि हे बिल गल्ली न चुकता योग्य दारी, योग्य माणसाच्या हाती पोहोचते.