दोराचे दुसरे टोक

खानदेशातील मध्यमवर्गात अलीकडे जे नवे नमुने आढळू लागले आहेत, त्यांत 'राहण्याजोगे शहर शोधणारा प्रस्तरारोहक' हा संख्येने अल्प असला, तरी समाजाच्या अभ्यासकाने डावलावा इतका क्षुल्लक खचित नाही. प्रस्तरारोहण म्हणजे पायवाटेने गड चढणे नव्हे. जेथे पायवाट संपते आणि शहाणा मनुष्य मागे वळतो, तेथून बोटांवर भार तोलीत उभा कातळ चढणे, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. या छंदाची बाधा झाली, की पगार, पाणी आणि सासुरवाडीचे अंतर पाहून गाव निवडण्याची रूढ रीत सुटते आणि 'कातळ किती किलोमीटरवर?' ही एकच कसोटी उरते.

याची बाह्य लक्षणे सहज ओळखू येतात. लग्नाला गेला असता तो वधूवरांकडे न पाहता मंगल कार्यालयाच्या दगडी जोत्यात बोटांना कोठे पकड मिळेल ते पाहतो, आणि घरी दाराच्या चौकटीला लोंबकळून बोटे बळकट करीत असल्यामुळे त्या घराचा गिलावा चौकटीभोवतीच प्रथम सुटतो. माळ्यावर पापडांच्या डब्याशेजारी साठ मीटर लांबीचा दोर असतो. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत, जेथे बचत ग्रॅमवर मोजण्याची परंपरा आहे, तेथे ती मीटरवर मोजणारा मुलगा कुटुंबाच्या चिंतेचा विषय होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, या खेळाला प्रथमच स्थान मिळाले हे तो वडिलांना सांगतो. वडील ते शांतपणे ऐकून घेतात आणि तलाठी भरतीची जाहिरात निघाली का, असे विचारतात.

त्याच्या संशोधनाचे मुख्य साधन म्हणजे एक आखलेली वही. तीत शहरांची नावे उभी व गुणदोषांचे रकाने आडवे असतात. पुण्याला सह्याद्रीचे कडे आणि सरावाची कृत्रिम भिंत यांबद्दल गुण मिळतात व वाहतुकीबद्दल ते परत घेतले जातात. मुंबईला बेलापूरचे धोंडे तारतात, पण घरभाडे बुडवते. बंगळुरूजवळ रामनगरचा घट्ट ग्रॅनाइट असला, तरी तेथे कळण्याची भाकरी मिळत नाही, या नोंदीने ती ओळ संपते. शेवटच्या रकान्याचे शीर्षक 'दोर धरणारा' असे असून त्यात जळगाव व धुळे या दोन्ही नावांपुढे ठळक फुली असते.

या नमुन्याचे दोन पोटभेद आहेत. जळगावचा पोटभेद रेल्वेवर विसंबणारा आहे. अजिंठ्याचा कडा त्याला जवळचा, परंतु ते संरक्षित स्मारक असल्यामुळे तेथे तिकीट काढून केवळ मान वर करता येते. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात डोंगरभिंती आहेत, पण तेथे त्याला सहकुटुंब नेले जाते व दर्शनानंतर डबे उघडले जातात. पुण्याला घर पाहण्यासाठी जाताना मनमाड सोडल्यावर अनकाईजवळ 'हडबीची शेंडी' नावाचा सुळका, ज्याला आकारामुळे 'थम्सअप' असेही म्हणतात, खिडकीतून अंगठा दाखवतो; त्या अंगठ्याचा अर्थ शाबासकी की वाकुल्या, याचा निर्णय त्याला अद्याप करता आलेला नाही.

धुळ्याचा पोटभेद महामार्गवादी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते आपल्या शहरात मिळतात, म्हणून येथून कोठेही जाता येते, असे तो मांडतो आणि त्यामुळेच कोठेही जात नाही. त्याचे भूशास्त्र मात्र पक्के असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हारस थरांवर थर साचून थिजला व त्याचा बेसाल्ट झाला. काही रस जमिनीतील उभ्या भेगांतच गोठला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि उरलेल्या उंच भिंतींना 'डाइक' म्हणतात. अशा भिंतींच्या रांगा धुळे-नंदुरबार भागात इतक्या आहेत, की निसर्गाने येथे कुंपण घालायला घेतले होते, असे वाटावे. मांगी-तुंगीचे सुळकेही साक्री-पिंपळनेरमार्गे गाठता येतात. पण ते जैनांचे सिद्धक्षेत्र असल्यामुळे तेथे दोराने नव्हे, पायऱ्यांनी व नम्रतेने चढायचे असते, हे तो जाणतो.

तेव्हा उणीव कातळाची नाही. चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या सोबत्याने सांभाळायचे, दोर बेताने सोडायचा आणि वरचा निसटल्यास तत्काळ रोखायचा, या क्रियेला 'बिले' म्हणतात. खानदेशात दुर्मीळ आहे तो हा बिले देणारा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाऊन कातळाचा तवा होतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, म्हणून चढाईला हिवाळाच उरतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत भरिताची वांगी बाजारात येऊन शेताशेतांवर पार्ट्या झडतात. कातळाखाली चार तास मान वर करून उभे राहावे, की काट्यांवर भाजलेल्या वांग्याजवळ बसावे, असा पर्याय ठेवल्यास कोणताही विचारी मित्र काय निवडील, हे सांगायला नको. 'तू हो पुढे भो, आम्ही आलोच,' हे त्यांचे वचन पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकते.

अखेरीस दोन्ही पोटभेद पुण्याला जातात. एका संध्याकाळी कृत्रिम भिंतीच्या पायथ्याशी एकाच्या तोंडून खानदेशी 'भो' निघतो आणि दुसरा चमकून पाहतो. जळगाव व धुळे यांत अंतर नव्वदेक किलोमीटरचे. दोघेही तेथे जन्मभर एकेक दोर बाळगून दुसऱ्या टोकाची वाट पाहत होते, हा शोध त्यांना पुण्यात लागतो. पहिली मोहीम एकमताने हडबीच्या शेंडीची ठरते आणि धुळ्याहून शंभराच्या आत असलेल्या त्या सुळक्यासाठी ते रेल्वेने तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करतात. परतीच्या गाडीत पुणे कातळापासून फारच दूर आहे, यावर दोघांचे पुन्हा एकमत होते. वह्या उघडल्या जातात, नव्या पानावर नाशिकचे नाव लिहिले जाते. जळगाव व धुळे यांचा विचार होत नाही, कारण 'दोर धरणारा' या रकान्यातील फुली दोन्ही वह्यांत अजून तशीच असते.