रा. रा. श्रेयांक ऊर्फ क्रेडिट यांस, मुक्काम देवनहळ्ळी



पदवीच्या हिशेबात श्रेयांक म्हणजे वेळेचे माप. वर्गातले १५ तास भरले की एक श्रेयांक पदरात पडतो. प्रयोगशाळेत त्याच एका श्रेयांकासाठी ३० तास उभे राहावे लागते. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर चार श्रेयांकांचा लेखी विषय आठवड्याला चार तास घेतो आणि दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिकही चारच तास घेते. बसणाऱ्याला उभ्या राहणाऱ्याच्या दुप्पट भाव मिळतो, कारण व्याख्यान ऐकून आलेला विद्यार्थी घरी पुन्हा अभ्यासाला बसतो असे गृहीत धरलेले आहे. हे गृहीत धरणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी कॉलेजात जाणारे मूल नसावे.

नावातही घोळ आहेच. वाण्याच्या दुकानात क्रेडिट म्हणजे उधारी, बँकेच्या पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा. विद्यापीठात दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. फी आधी भरायची, तास मागाहून भरायचे, आणि वहीत बाकी निघते ती विद्यार्थ्याच्याच नावावर. त्यामुळे पदवीच्या अटी खातेवही वाचावी तशा, खाते उघडून रकान्यानुसार वाचाव्या लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये काढलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक सांगितले आहेत. पालक इथेच वाचायचे थांबतात. बेरीज मात्र आत फोडींत वाटलेली असते. बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचे नाव भौगोलिक मानांकनात गेले ते इथल्या चकोतामुळे, म्हणजे आपल्या पपनसामुळे. पपनस बाहेरून एकसंध दिसते. सोलायला घेतले की जाड पांढरा थर, प्रत्येक फोडीची वेगळी साल आणि मग कुठे रस. पदवीचेही तसेच. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाची फोड सर्वांत मोठी, ६० श्रेयांकांची. गौण विषयाला २४, बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषा वगैरे क्षमतावृद्धीला ८, कौशल्यविकासाला ९, मूल्यवर्धित विषयांना ६ ते ८ आणि उन्हाळी इंटर्नशिपला २ ते ४. प्रत्येक फोड स्वतंत्र भरावी लागते. एकीतला रस दुसरीत ओतता येत नाही.

समजा, सोलापूरहून आलेल्या एका मुलाने मुख्य विषयाचे ६०, गौणचे २४, भाषेचे ८ आणि कौशल्याचे ९ श्रेयांक चोख मिळवले. इंटर्नशिपचे ४ घेतले. बहुविद्याशाखीय विषयांत त्याला खगोलशास्त्र इतके आवडले की ९ च्या जागी १२ झाले. मूल्यवर्धित विषयांत एक वर्ग सकाळी आठचा होता, त्यामुळे तिथे ४ च जमले. एकूण १२१. किमान १२०. घरी पेढे वाटले गेले. परीक्षा विभागाच्या खिडकीवर मात्र उत्तर मिळाले, ‘दोन कमी’. या मुलाकडे पदवीपेक्षा एक श्रेयांक जास्त आहे आणि पदवी नाही. श्रेयांकसाहेबांच्या गणितात हे दोन्ही एकाच वेळी खरे असते, आणि गुणपत्रिकेवर छापलेला एकूण आकडा पाहून याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक सत्राच्या शेवटी रकाने वेगवेगळे जुळवून पाहिले तरच लागतो.

बहुविद्याशाखीय रकान्यात आणखी एक चोरखळगा आहे. बारावीला शिकलेला विषय तिथे पुन्हा घेता येत नाही. अर्थशास्त्र बारावीलाच झाले, म्हणून सोपा विषय पदरात पाडून घेऊ, असा बेत आखणाऱ्यांना पहिल्या सत्रातच ठेच लागते.

महाराष्ट्रात हेच पपनस बाराखडीत कापून देतात. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर मुलांच्या तोंडी ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी अशी अक्षरे खेळू लागली. फलाटावरच्या इंडिकेटरकडे पाहून ठाणे की कल्याण हे ठरवावे तशी ती वाचावी लागतात. तिथे तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६ अशी मुभा आहे. दर सत्राला २० ते २२ श्रेयांक पडतात. अक्षरे पाठ झाली तरी कोणत्या सत्रात कोणते अक्षर येते हे पाठ होत नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतला तक्ता भिंतीवर चिकटवणारी मुले त्यामुळेच शहाणी ठरतात.

देवनहळ्ळीत श्रेयांकसाहेबांची आणखी एक लीला पाहायला मिळते. इथल्या एकाच विमानतळाच्या छायेत पदवीची लांबी दोन प्रकारची आहे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवी शिक्षणात सर्वांत आधी लागू करणारे राज्य कर्नाटक, ऑगस्ट २०२१ मध्ये. चार वर्षांची ऑनर्स पदवी इथे आली तेव्हा महाराष्ट्रात अजून समित्यांची जेवणे चालू होती. मग सरकार बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याचे स्वतःचे धोरण ठरवायला आयोग नेमला गेला आणि मे २०२४ मध्ये, त्याच्या अंतरिम अहवालानंतर, २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. आयोगाचे अध्यक्ष सुखदेव थोरात, अमरावती जिल्ह्यातले, अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. म्हणजे एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या आयोगामुळे कर्नाटकाने चौथे वर्ष सोडले, आणि नेमक्या त्याच २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राने ते सगळ्या संलग्न महाविद्यालयांत आणले. स्वायत्त महाविद्यालयांत ते आदल्या वर्षीच पोचले होते. दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवर समोरासमोर निघाल्या आणि एकमेकींना शिटी देऊन निघून गेल्या.

याचा सगळ्यात सरळ अनुभव सीमेवर येतो. निपाणी आणि कागल एकाच महामार्गावर, एसटीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. निपाणीच्या कॉलेजचा धागा बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी, म्हणून पदवी तीन वर्षांची. कागलचा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी, म्हणून चौथ्या वर्षाचे दार उघडे. दोन मावसभावांनी एकाच विषयात, एकाच वर्षी प्रवेश घेतला तरी त्यांच्या मार्कलिस्टा एकमेकांशेजारी ठेवून वाचता येणार नाहीत.

देवनहळ्ळीजवळ हरळूरला उभे राहिलेले चाणक्य विद्यापीठ कर्नाटक विधिमंडळाच्या २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेले खासगी विद्यापीठ आहे. मे २०२४ चा बदल राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी आणि त्यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांसाठी होता. खासगी विद्यापीठांचा आराखडा त्यांची त्यांची अभ्यासमंडळे ठरवतात. त्यामुळे या तालुक्यात पदवी किती वर्षांची, या प्रश्नाला प्रतिप्रश्न एकच, कुठल्या फाटकातून आत जायचे आहे? आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा: कुठल्या वर्षी आत गेलात? प्रवेश ज्या नियमावलीखाली झाला तीच त्या विद्यार्थ्याला साधारणपणे शेवटपर्यंत लागू राहते. धाकट्या बहिणीची नियमावली वेगळी असू शकते. थोरलीच्या वहीवरून धाकटीचे खाते लिहू नये.

भाषेच्या रकान्याचेही असेच. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने पदवीला कन्नड सक्तीची केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ज्यांना नको आहे त्यांच्यावर सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश आला. पुण्याहून आलेल्या मुलांना तेवढ्याने हायसे वाटले, हे खरे. तरी रिक्षावाल्याशी बोलता येईल इतकी कन्नड पहिल्या सत्रातच घेतलेली बरी. मीटरवर तिचा परतावा लगेच दिसतो, भले गुणपत्रिकेवर न दिसो.

चार वर्षे ही परकी चैन आहे, असा समज चुकीचा. जुन्या मुंबई राज्यात अकरावीच्या मॅट्रिकनंतर फर्स्ट इयर, इंटर, ज्युनिअर बी.ए., सीनिअर बी.ए. अशी चार वर्षे होतीच. १०+२+३ ही रचना कोठारी आयोगाच्या शिफारशींतून आली तेव्हा कॉलेजचे एक वर्ष बारावीला जोडले गेले. अकरा अधिक चार, दहा अधिक दोन अधिक तीन, बेरीज पंधराच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्येच चार वर्षांची पदवी सुरू केली. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये आणली, २०१४ मध्ये गुंडाळली आणि २०२२ मध्ये पुन्हा उलगडली. चौथे वर्ष जात-येत असते.

ते घ्यायचे कोणी? नुसत्या ऑनर्सला विशेष अट नाही. ‘संशोधनासह ऑनर्स’ हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. बाकीचे त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे विषय घेतात. चौथे वर्ष केलेल्याला एका वर्षात एम.ए. वा एम.एस्सी. करता येते, म्हणजे एकूण पाच वर्षे तीच. ७५ टक्क्यांसह चार वर्षे पूर्ण झाली तर थेट पीएच.डी.चे दारही ठोठावता येते. नोकरीला लागायचे असेल तर तीन वर्षे पुरे. ज्याला अजून ठरवता येत नाही, त्याच्यासाठी चौथे वर्ष हा विचार करण्याचा महागडा मार्ग आहे.

मध्येच सोडून जाणाऱ्यांचीही सोय आहे. एका वर्षानंतर ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर ८० आणि तसेच ४ असले तर पदविका. परत यायचे असेल तर तीन वर्षांत यावे, सगळा प्रपंच सात वर्षांत आटपावा. मधल्या काळात श्रेयांक ठेवायला २०२१ पासून एक बँक आहे, ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. तिच्यात व्याज नाही, आणि ठेव फार तर सात वर्षे टिकते, मग बाद. हेच एखाद्या पतसंस्थेने केले असते तर दारात ठेवीदारांची रांग लागली असती. बँकेत श्रेयांक आपोआप पडतात असेही नाही. विद्यापीठाने ते चढवावे लागतात, आणि बँकेच्या आयडीवरचे नाव विद्यापीठाच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळावे लागते. मराठी माणसाचे वडिलांचे नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, कुठे एका अक्षरात येते. श्रेयांक अडकतात ते बहुधा तिथे.

उरली सरासरी. दहा गुणांच्या पट्टीवर ‘ओ’ म्हणजे १०, ‘पी’ म्हणजे ४, ‘एफ’ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या श्रेयांकांनी गुणायचा आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागायचे. चार श्रेयांकांच्या मुख्य विषयात ६ आणि दोन श्रेयांकांच्या योगवर्गात १० मिळाले तर सरासरी ८ होत नाही. २४ अधिक २० भागिले ६, म्हणजे ७.३३. छोट्या विषयांत चमकून मोठ्यात केटी लावून घेणाऱ्यांना हा भागाकार निकालाच्या दिवशी समजतो.

पत्राचे उत्तर पोस्टाने न पाठवता परीक्षा विभागाच्या खिडकीवरच द्यावे. दोन श्रेयांकांचा सकाळी आठचा वर्ग पुढच्या सत्रात किती वाजता आहे, एवढेच कळवले तरी पुरे.

कळावे,
१२१ श्रेयांकांचा धनी, पदवीविना