हीटर बिघडतो पुण्यात, कळतो बारालाचाला

महाराष्ट्रात पासिंग झालेल्या कुठल्याही जुन्या मोटारीतलं तापमानाचं गोल बटण जरा निरखून पाहा. निळ्या टोकाकडचा रंग बोटं लागून लागून पुसट झालेला असतो आणि लाल टोक शोरूममधून आलं तेव्हा होतं तसंच कोरं करकरीत. गाडीबरोबर मॅन्युअल येतं आणि हीटर येतो. दोन्हींचे पैसे आपण मोजलेले असतात आणि दोन्ही कधी उघडून पाहिलेले नसतात. निफाडचा पारा घसरल्याच्या आणि वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात, त्या वाचून मंडळी शेकोटी करतात, माकडटोपी काढतात, चहा वाढवतात. गाडीचा हीटर लावल्याचं मात्र कोणी सांगत नाही. अशी ही गाडी एका उन्हाळ्यात दोनेक हजार किलोमीटर कापून मनालीला पोचते आणि तिथून लेहच्या वाटेला लागते. बारालाचा खिंडीच्या अलीकडे मागच्या सीटवरून पहिली तक्रार येते, पुढे बसलेले काका अधिकाराने ते बटण लाल टोकाला नेतात, ब्लोअर चारवर टाकतात आणि जाळीतून जो वारा येतो तो मे महिन्यात दिला असता तर एसीचं कौतुक झालं असतं. मग गाडीत एकमत होतं की हीटर आत्ताच बिघडला. हे एकमत चुकीचं आहे. तो हीटर बारालाचाला बिघडलेला नसतो. कधी पुण्यात, कधी सोलापुरात, कधी कोल्हापूरच्या एखाद्या चोख गॅरेजात तो दोन-तीन वर्षांपूर्वीच निकामी झालेला असतो. बारालाचा फक्त निकाल वाचून दाखवतो.

गाडीतल्या मंडळींना हे पटत नाही, कारण त्यांच्याकडे सोपा आरोपी तयार असतो: उंची. मनाली ते लेह रस्त्यावर डोकं दुखलं तर उंची, भूक गेली तर उंची, मेव्हण्यांशी वाद झाला तरी उंची. मग हीटरनेच काय घोडं मारलंय? ‘इथे ऑक्सिजन कमी आहे, त्यामुळे हीटर पेटत नाही,’ असं मत चार हजार मीटरच्या वर हमखास मांडलं जातं आणि मांडणारा सहसा इंजिनिअर असतो. पण मोटारीच्या हीटरमध्ये पेटण्यासारखं काही नसतंच. इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, साधारण तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिन थंड ठेवणारं पाणी उचलून नेतं. त्या तापलेल्या पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या जाळीदार खोक्यातून फिरवलेला असतो आणि ब्लोअर त्या खोक्यावरून वारा सोडतो. हीटर म्हणतात तो एवढाच. एसी चालवायला इंजिनाला कॉम्प्रेसर ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. हीटर फुकट जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. फुकट मिळणारी गोष्ट वर्षानुवर्षं न वापरणारा मराठी ग्राहक हा खरं तर स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, पण तो इथे नको. मुद्दा असा की इंजिन चालू आहे, गाडी चढ चढते आहे, म्हणजे उष्णता तयार होतेच आहे. ती केबिनपर्यंत पोचत नसेल तर वाटेत कोणीतरी अडवली आहे, आणि अडवणारा हिमालय नव्हे.

संशयितांत पहिला थर्मोस्टॅट. ही अंगठ्याएवढी झडप इंजिन गार असताना रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवते आणि पाणी 82 ते 88 अंशांच्या आसपास तापलं की उघडते. आता एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना एखाद्या गाडीचा काटा वर जातो, मालक घाबरतो, गाडी गॅरेजला लागते. गळका होज, तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, यांतलं खरं कारण शोधायला अर्धा दिवस जातो. थर्मोस्टॅट उपटून फेकायला वीस मिनिटं पुरतात. ‘साहेब, थर्मोस्टॅटच काढून टाकला, आता टेन्शन नाही,’ असं मिस्त्री सांगतो आणि साहेब खूश होऊन शंभर रुपये जास्त देतात. टेन्शन खरोखरच जातं. सोलापूरच्या उन्हात चाळीस अंशांची हवा त्या उघड्या वाटेवरूनही इंजिनाला पुरेसं तापतं ठेवते, थोडं पेट्रोल जास्त लागतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही. हीच गाडी 2020 साली खुल्या झालेल्या, नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरते. बोगद्याअलीकडची हिरवी झाडी संपून उघडे डोंगर सुरू होतात. तांडीला चंद्रा आणि भागा या नद्या भेटतात, आणि तिथल्या पेट्रोल पंपावर, पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचं सांगणाऱ्या प्रसिद्ध पाटीजवळ, प्रत्येक गाडी थांबून फोटो काढते. फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी आत वळून टेंपरेचरचा काटा पाहिला तर तो तळाशी निवांत पडलेला दिसेल. इंजिनात तापलेलं पाणी थेट रेडिएटरमध्ये जातं, लाहौलचा वारा त्याला गार करतो आणि तेच गार पाणी हीटरच्या वाट्याला येतं. खंबाटकीत वाचवलेला अर्धा दिवस जिस्पाच्या पुढे सव्याज वसूल होतो.

दुसरा संशयित जास्त घरगुती आहे: नळाचं पाणी. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं, म्हणजे ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण. ते निम्मं-निम्मं असेल तर उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही, लवकर उकळत नाही आणि आतून गंज धरू देत नाही. आपण पहिल्या सर्व्हिसिंगला ते हिरवं किंवा गुलाबी पाणी पाहून समाधान पावतो आणि पुढे पातळी खाली गेली की बिसलेरीची रिकामी बाटली बोअरवेलच्या नळाखाली धरतो. बोअरच्या पाण्यातला क्षार आणि गंजाचा गाळ फिरता फिरता जिथे वाट सर्वांत अरुंद असते तिथे साठतो, आणि सर्वांत अरुंद वाट त्या हीटरच्या खोक्यातच असते. शिवाय रेडिएटरचं टोपण. त्याचं रबर कडक झालेलं असतं, पण टोपण बदलायला कोणी गॅरेजला जातं का? पुण्यात चालून जातं. लेहच्या वाटेवरची टांगलांग ला ही खिंड मात्र 5,328 मीटरवर आहे आणि तिथे उघडं पाणी 82-83 अंशांनाच उकळतं. वाटेतल्या सर्चूच्या तंबूतला स्वयंपाकी याच कारणाने भात साध्या पातेल्यात लावत नाही, कुकर काढतो. आणि रेडिएटरचं टोपण म्हणजे गाडीच्या कुकरची शिट्टीच. ती दाब धरत नसेल तर जे तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट उघडायचा, त्याच्या आधीच पाणी उकळून वाफ होऊन बाहेर पडतं, पातळी खाली जाते आणि उंचावर बसवलेल्या हीटरच्या खोक्यात पाण्याऐवजी हवा शिरते. मग इंजिन तापतं आणि माणसं गारठतात. एकाच गाडीत एकाच वेळी दोन्ही संकटं आणण्याचं हे कसब टोपणाच्या एका रबरी चकतीकडे असतं.

हे सगळं तर्काने सांगतोय असं कोणाला वाटेल, तर पुराव्याची सोय गाडीतच आहे. इंजिन वीसेक मिनिटं चाललेलं असू द्या, मग बंद करून बोनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन रबरी पाईप आत गेलेले दिसतात. त्यांना हलकेच, बेतानेच, हात लावायचा. दोन्ही चटका देण्याइतके गरम असतील तर पाणी आपलं काम करतं आहे. मग आतली जी झडप गार वारा आणि गरम वारा यांची वाटणी करते ती अडकली आहे. सात वर्षं निळ्या टोकाला राहिलेली प्लॅस्टिकची झडप एका रात्रीत लाल बाजूला सरकावी ही अपेक्षा जरा जास्तच. एक पाईप गरम आणि दुसरा गार निघाला तर खोका तुंबला आहे किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंटची पातळी आणि तो काढून फेकलेला थर्मोस्टॅट आठवावा. आणि गाडी पळताना वारा गरम, उभी राहिली की गार, असं होत असेल तर पाणी कमी आहे किंवा पंप म्हातारा झाला आहे. यांपैकी एकही दोष समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत नाही. स्वारगेटच्या पार्किंगमध्येही हीच तपासणी हेच उत्तर देते. लेहच्या वाटेवर गाटा लूप्सच्या एकवीस वळणांशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकापाशी थांबलेला क्लीनर बर्फात अडकून तहानेने आणि थंडीने गेला, त्याच्या भुताला प्रवासी त्या वाहतात, असं सांगतात. आख्यायिकेत भूत आहे, तसा नादुरुस्त ट्रकही आहे, पण बाटली वाहणाऱ्यांतले किती जण पुढच्या वळणावर स्वतःचं कूलंट तपासतात?

आता आक्षेप. पहिला असा की थंडीच एवढी असते, बिचारा हीटर कुठवर पुरा पडणार? हा आक्षेप थर्मामीटरपुढे टिकत नाही. बाहेर उणे दहा असो, आतलं पाणी नव्वदीच्या घरात असतं. छोट्या मोटारीचा धडधाकट हीटरही घरातल्या दोन किलोवॉटच्या दोन हीटरांइतकी ऊब सहज देतो, तीही कपाटाएवढ्या जागेत. मात्र यात एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्याच्या पदरात टाकायला हवी. डिझेलचं इंजिन मुळात कमी उष्णता वाया घालवतं आणि लांब उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ते जवळपास काहीच जाळत नाही. टांगलांग लाहून ग्या गावाकडे उतरताना चांगल्या गाडीचाही वारा हळूहळू कोमट होतो, हे खरं आहे. तो बिघाड नाही. पुढचा चढ लागला की ऊब परत येते. तसंच, सकाळी गाडी चालू करताच ब्लोअर चारवर टाकून ‘अजून गारच’ म्हणून ओरडणं हा अन्याय आहे. इंजिनाला दहा-पंधरा मिनिटं द्यावी, तोवर स्वेटर आहेच.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो मिस्त्रीच्या बाजूने येतो: महाराष्ट्रात हीटर लागतोच कुठे? लेहला माणूस आयुष्यात एकदा जातो, त्यासाठी रोजची डोकेदुखी का सांभाळायची? याच विचाराने, खोका गळायला लागला की बदलायचा खर्च टाळून दोन्ही पाईप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून दिले जातात आणि त्याला बायपास असं हृदयविकाराच्या दर्जाचं नाव मिळतं. (खोका गळतो तेव्हा डावीकडच्या सीटपुढची चटई ओली होते आणि गाडीत गोडसर वास येतो, घरात मात्र मुलांनी सरबत सांडलं म्हणून चौकशी चालते.) पण हीटर महाराष्ट्रात लागतो, आणि नेमका जिथे जिवाशी गाठ असते तिथे. जुलैमध्ये माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात काच आतून धुकट होते तेव्हा एसीने हवा कोरडी करून हीटरने ती गरम करून काचेवर सोडणं हा सर्वांत जलद उपाय आहे. आपल्याकडे त्याऐवजी हातरुमाल वापरतात, तोही चालकच, तोही वळणावर. आणि कसारा घाटात काटा लाल रेषेकडे निघाला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते आणि गाडी बाजूला घेण्याइतकी सवड मिळते. आतली मंडळी भाजून निघतात, पण इंजिनाचं हेड वाचतं. म्हणजे हीटरला बायपास करणाऱ्यांनी इंजिन तापण्याच्या दुखण्यावरचा एक उतारा स्वतःच्या हाताने कमी केलेला असतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना या वादात पडायचं कारण नाही. त्यांच्या गाडीत फुकटची उष्णता जवळपास नसतेच, ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते आणि किलोमीटर कमी होतात. निदान त्यांना तिची किंमत समोर आकड्यात दिसते.

राहिला प्रश्न वाटेतल्या उपायांचा. हीटर गार निघाल्यावर गाडीत कल्पकतेला पूर येतो: जाळीवर पुठ्ठा लावून पाहणं, बटण वीस वेळा फिरवणं, चालकाला बोलणं. यांनी नुकसान होत नाही. रेडिएटरपुढे थोडा पुठ्ठा लावून काटा वर आणण्याची युक्ती तर थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीला बऱ्यापैकी उपयोगी पडते, फक्त काट्यावर नजर हवी आणि चढ लागला की पुठ्ठा काढायला हवा. पण दोन गोष्टी करू नयेत. बंद काचांच्या गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी पेटवू नये, आणि बर्फात उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नये. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो आणि तो कोणाला जागं करत नाही.

म्हणून लेहला निघणाऱ्यांना एकच विनंती. बॅगा भरायच्या आठवडाभर आधी, पुण्याच्या भर उन्हात, पंधरा मिनिटं हीटर पूर्ण लावून चक्कर मारा. काचा वर, बटण लाल टोकाला. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला घामाने निथळणाऱ्या कुटुंबाकडे पाहून काय समजायचं ते समजेल. त्याला समजू द्या. जाळीतला वारा चटका देत असेल तर हीटर चांगला आहे. देत नसेल तर गॅरेजला जा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारा, टोपण बदला, गाळ धुऊन कूलंट नव्याने भरा. आणि रेडिएटरचं टोपण उघडायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, मिस्त्री कितीही घाईत असला तरी.