टेस्टिंगखोलीतल्या पिकदाणीस अनावृत पत्र

मुक्काम नंदी डोंगराचा पायथा, लाकडी टेबलाचं डावं टोक.

पिकदाणीबाई यांसी, बंगळूरहून साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आपली भेट झाली. चौघांतला पांढऱ्या शर्टाचा तो मी. घरी परतेपर्यंत तो शर्ट पांढरा राहिला नव्हता, यावरून कदाचित ओळख पटेल. नाही पटली तरी राग नाही. तुमच्याकडे तोंड करून उभी राहणारी माणसंच इतकी कमी, की चेहरे लक्षात ठेवायची सवय तुम्हाला लागणार कुठून?

बाई, आमच्याकडे जिन्याच्या प्रत्येक वळणावर शंकर, गणपती आणि साईबाबांच्या टाइल्स बसवून भिंती वाचवाव्या लागतात. बसची खिडकी, पुलाचा कठडा, सरकारी कचेरीतली वाळूची लाल बादली, कशालाही आम्ही उपाशी ठेवत नाही. आणि त्याच मुलखात 'कृपया इथे थुंका' असं हात जोडून सांगणाऱ्या, घासूनपुसून लख्ख ठेवलेल्या तुम्ही मात्र कोरड्या ठणठणीत. फुकट थुंकायला आम्ही कधीच मागे नसतो. पण पैसे मोजून तोंडात घेतलेली वस्तू थुंका म्हटलं, की अन्न टाकू नये ही आजीची शिकवण आम्हाला नेमकी तिथे आठवते.

आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचलो कसे, ते सांगतो. पुण्याहून साडू आणि मेहुणी आले होते. बंगळूरला पाहुण्यांना दाखवायच्या जागा मोजक्या. लालबाग झाली, कब्बन पार्क झालं, विद्यार्थी भवनचा डोसा रांगेत तासभर उभं राहून झाला. नंदीवरचा सूर्योदय राहिला होता, पण शनिवार-रविवारी त्या घाटात पहाटे ढगांआधी पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात, हे मी अनुभवाने जाणतो. तेव्हा साडूंनी मोबाइल पुढे केला. "हे बघा, वाइन कंट्री. दुपारी जायचं, बागा बघायच्या, चाखायचं, खायचं, परत."

कंट्री! आमच्या लहानपणी हा शब्द सरकारमान्य देशी दारूच्या दुकानापुरता होता, आणि त्या दुकानावरून जाताना आई हात घट्ट धरायची. आता त्याच्या आधी 'वाइन' लागल्याबरोबर तो सहकुटुंब जाण्याइतका सोवळा झाला. महाराष्ट्रात 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर केवढं रण माजलं होतं. राळेगणसिद्धीहून उपोषणाचा इशाराही आला होता. साडू त्या वेळी 'दारूच' म्हणणाऱ्यांत होते. त्यांना मी परवा त्याची आठवण करून दिली नाही. पाहुणे होते.

निघालो. हेब्बाळचा पूल ओलांडायला जो वेळ लागला त्यात साडूंनी बंगळूरचा इतिहास सांगून संपवला. 1638 पासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत, पुढे व्यंकोजीराजांनी ते तीन लाखांना विकायला काढलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी घेतलं. "तीन लाख फारच कमी हो," असं साडू अशा सुरात म्हणाले, की जणू दलाली त्यांची बुडाली. आज तीन लाखांत इथे गाडी उभी करायची जागासुद्धा मिळत नाही, हे मी सांगितल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं. वाटेत मुद्देनहळ्ळीची पाटी दिसली. विश्वेश्वरय्यांचं गाव. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी 1903 साली बसवले. पुणेकराने निदान पाण्यापुरता तरी तिथे गाडीतून हात जोडायला हवा होता. पण साडूंचं लक्ष पुढे होतं.

मग तुमची खोली. त्याआधी अर्थातच ती प्रदक्षिणा, सगळ्यांना घालावी लागते तशी. स्टीलच्या टाक्या, गारठलेलं तळघर, 225 लिटरची फ्रेंच ओकची पिंपं. साडू प्रत्येक पिंपावर टकटक करून पाहत होते, कलिंगड घेताना करतात तसं. त्यांचं पालुपद एकच, "आमच्या नाशकात याहून मोठं आहे." मी म्हटलं, असेल. इथेही काल-परवाचं नाही. याच डोंगराच्या कुशीत कंवल ग्रोव्हर यांनी शँपेन प्रांतातल्या जॉर्ज व्हेसेल यांना हाताशी धरून 1988 साली फ्रेंच वाणांच्या बागा लावल्या. तुमच्या नाशकातली सुला तेव्हा जन्मलीही नव्हती. 2012 साली ग्रोव्हरांची नाशिकच्या झाम्पाशी सोयरीक झाली, हे सांगायची चूकही मीच केली. "म्हणजे शेवटी नाशिकच!" साडू गरजले आणि आनंदाने टेबलाशी येऊन बसले, थेट तुमच्या शेजारी.

तुम्हाला त्यांनी आधी बर्फाचं भांडं समजून आत डोकावून पाहिलं. मग ऑलिव्हच्या बिया टाकल्या. मग हात पुसलेला कागद. मुलाखतीला आलेल्या माणसाला चहा आणायला पाठवावं, तसं झालं हो ते. मला तेव्हाच तुमच्याबद्दल जिव्हाळा वाटला.

चाखवायला आलेला मुलगा दोड्डबळ्ळापूरचा, पंचविशीतला. पेला देठाला धरा, तिरपा करा, रंग बघा, फिरवा, नाक आत घाला. सगळं नीट सांगितलं त्याने. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची हुंगा म्हणाला, तर साडू मोठ्याने हसले. पण बाई, तो पोरगा खोटं बोलत नव्हता. ढोबळ्या मिरचीला जो वास असतो, तो देणारं द्रव्य त्या द्राक्षातही असतं. शिराझमधल्या मिऱ्यांचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिलं, की काळ्या मिरीला तिचा वास देणारं द्रव्य शिराझच्या द्राक्षांतही असतं. तेव्हा वासांची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. माझं भांडण पुढे सुरू झालं. लाल वाइन आली आणि त्याने कार्ड वाचायला घेतलं. ब्लॅक करंट, ब्लॅकबेरी, सीडर, सिगारची पेटी, चामडं.

आमच्या चौघांत ब्लॅक करंटची ओळख फक्त मेहुणीला, आणि तीही आइस्क्रीममधली. ते झुडुपावर लागतं की वेलीवर, कुणाला ठाऊक? सिगारची पेटी आमच्या खानदानात कुणी उघडलेली नाही. चामडं म्हटल्यावर बायकोला कोल्हापुरीचा पहिल्या पावसातला वास आठवला आणि तिने पेला खाली ठेवला. सगळे जण मान डोलावत होते. सत्यनारायणाच्या पोथीतलं संस्कृत ऐकताना डोलावतो, तशी.

पेले विसळायला तो मुलगा वळला तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "तुला स्वतःला कसला वास येतो रे?" त्याने आधी मागे पाहिलं, साहेब कुठे आहेत ते. मग पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नेरळे." जांभूळ, बाई! मी पुन्हा हुंगलं आणि चक्क जांभूळ. नुसतं जांभूळ नव्हे, तर खिशात ठेवून विसरलेलं, गणवेशाला जांभळा डाग पाडणारं, घसा धरणारं जांभूळ. त्यामागे थोडं करवंद. हे सगळं त्या पेल्यात पहिल्यापासून होतं, फक्त कार्डावर नव्हतं. "मग सांगत का नाहीस?" तर म्हणाला, "कार्डावर ब्लॅक करंट आहे सर."

त्याच्या घरची बाग आहे. बंगलोर ब्लूची. हा इथला मूळचा रहिवासी म्हणावा असा काळानिळा, टपोरा, जाड सालीचा द्राक्षवाण. 2013 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण टेस्टिंगखोलीत त्याला मज्जाव. याच्या वाणाला युरोपातले जाणकार इझाबेला म्हणतात आणि याच्या वासाला कोल्ह्याचा वास. फ्रान्सने तर 1934 च्या कायद्याने इझाबेलाच्या लागवडीवर बंदीच घातली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. इथे द्राक्षालाच कोल्हा लागला! म्हणून त्याने रस, जॅम आणि गोडमिट्ट पोर्टच्या बाटलीत जन्म काढायचा, आणि त्याच्याच मातीत उपरे काबर्ने आणि शिराझ मांडव घालून बसणार. चांगली वाइन त्याची होत नाही, हे मला मान्य आहे. मी ती प्यायलो आहे, खोकल्याच्या औषधाला नवा ग्लास दिल्यासारखी लागते. पण निदान चाखण्याआधी, तोंड धुवायला म्हणून तरी, त्याचे चार मणी समोर ठेवायला काय हरकत होती?

आता मुद्द्यावर येतो. गाडी मी चालवत होतो. सात पेले होते. कायदा सांगतो, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. म्हणून मी उठून तुमच्याकडे आलो. बायको दातांतल्या दातांत म्हणाली, "अहो, काय करताय? लोक बघतायत." खोलीत वीसेक माणसं होती, खरंच सगळी बघत होती. शेजारच्या टेबलावरच्या तरुणांनी चाखायचे सात पेले संपवून आठव्याच्या जागी पूर्ण बाटली उघडली होती आणि त्यांतल्याच एकाच्या बोटात गाडीची किल्ली फिरत होती. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. बेशिस्त ठरलो मी.

आणि बाई, कबूल करतो, थुंकता येत नाही मला. जाणकार लोक ओठ चंबूसारखे करून बारीक, नेमकी धार सोडतात म्हणे. माझी धार निघाली ती देवळातल्या गोमुखासारखी. निम्मी तुमच्या पदरात, निम्मी माझ्या शर्टावर. चौथ्या पेल्यापर्यंत हात बसला. तुम्ही जरासुद्धा हसला नाहीत.

तुमच्याकडून निघालो तेव्हा पोटात चिजचे चार चौकोन आणि प्रत्येकी दोन बिस्किटं. साडूंच्या पोटात त्याखेरीज सात पेले, त्यामुळे ते भुकेने आणि देशप्रेमाने व्याकूळ झाले होते. हमरस्त्याला एक साधी खाणावळ दिसली. केळीचं पान, त्यावर नाचणीचा वाफाळता गोळा, इथली मुद्दे, मध्ये बोटाने खळगा आणि त्यात पालेभाजीच्या पाण्याचं झणझणीत बस्सारु. साडूंनी घास घेतला आणि चावायला लागले. नाचणी टाळ्याला चिकटली, दाढेला चिकटली, बोलणं बंद. वाढणारे आजोबा धावत आले. "अगीबारदु, नुंगबेकु!" चावायचं नाही, गिळायचं.

एकाच दुपारी, दहा-बारा किलोमीटरच्या अंतरात आम्हाला दोन गुरू भेटले. एक म्हणाला, तोंडात घोळवा पण गिळू नका. दुसरा म्हणाला, गिळा पण तोंडात घोळवू नका. साडूंनी दोन्हीकडे नेमकं उलट केलं. आणि दुसऱ्या गुरूकडे कार्ड नव्हतं, तरी मुद्दे कशी लागते ते चौघांनाही कळलं.

पुढे हातगाडीवर बंगलोर ब्लू दिसली. दोन किलो घेतली. ही द्राक्षं खायची रीत तुम्हाला माहीतच असेल. चिमटीत दाबलं की गर सुळकन तोंडात, साल हातात, मग जिभेने बी वेगळी करून बाहेर. मागच्या सीटवर तुमचे दोन पाहुणे, जे सात वेळा विनवूनही तुमच्याकडे फिरकले नव्हते, ते खिडकीच्या काचा खाली करून देवनहळ्ळी ते यलहंका बिया थुंकत आले. मेहुणीचा नेम तर लाजवाब. तुम्ही बघायला हव्या होतात. मी एकदा म्हटलं, "पिशवी देऊ का?" तर साडू म्हणाले, "कशाला? बी आहे, रुजेल."

तर विनंती अशी. त्या मुलाला कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने नेरळे लिहू द्या. मालकांशी तुमचा रोजचा संबंध, तुमचं ते ऐकतील. आणि ज्याच्या हातात गाडीची किल्ली दिसेल त्याच्यासमोर जरा पुढे सरकत चला. टेबलाच्या डाव्या टोकाला बसून तुमचं काही खरं नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.
आपला,
गोमुख

ता. क. हेब्बाळच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. माझ्या शर्टावरचे लाल डाग बॅटरीच्या उजेडात बघून हवालदार दोन पावलं मागे सरले. फुंकलो. यंत्राने शून्य दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. मागच्या सीटवर साडू घोरत होते. शर्ट दोनदा धुतला, मीठ लावलं, लिंबू लावलं. डाग अजून आहे.