एक किलोमीटरच्या आतले प्रेम

चिरंजीव सहा वर्षांचे होऊ घातले की मध्यमवर्गीय घरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप येतो. एक्सेलच्या तक्त्यात शाळांची नावे, बोर्ड, फी, बसचा मार्ग आणि ‘तिथे आणखी कोणाची मुले जातात’ हा सर्वांत महत्त्वाचा रकाना. शिकवणाऱ्या बाईंसाठी रकाना नसतो. महापालिकेची शाळा तक्त्यात येतच नाही. ती घरापासून पाच मिनिटांवर. बससुद्धा लागत नाही, मग सोसायटीत सांगायचे काय?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३नुसार पहिलीत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचपणी करता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड. म्हणून शाळा मुलाखत घेत नाहीत, ‘इंटरॅक्शन’ ठेवतात. बाबा आदल्या रात्री आरशासमोर इंग्रजीची उजळणी करतात. चिरंजीव निवांत झोपतात.

पुढच्या वर्षी फी वाढते. फी नियमनाचा २०११चा कायदा आहे, पण नंतरच्या दुरुस्तीने तक्रारीसाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. पालकांच्या ग्रुपवर रात्रभर क्रांती धुमसते. सकाळी कोणीतरी सह्यांचा कागद पुढे करतो आणि ग्रुपवर अचानक गुड मॉर्निंगची फुले उमलतात.

याच बाबांना जिल्हा परिषदेच्या शाळांचा अभिमान मात्र जाज्वल्य. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, ही बातमी बाबांनीच सगळ्या नातेवाइकांना धाडली होती. २०२५मध्ये खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार पटकावला, तेव्हा ‘आपली झेडपीची शाळा!’ असे स्टेटसही ठेवले. स्टेटस चोवीस तासांनी गेले. चिरंजीवांची बस रोज सकाळी ६.४०ला येतच राहिली.

मुंबई महापालिकेने या दुखण्याची नाडी बरोबर पकडली. दप्तर, बूट, वह्या अशा २७ वस्तू फुकट देऊन जे साधत नव्हते, ते पाटी बदलून साधले. दारावर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ झळकले, २०२१मध्ये सीबीएसईच्या शाळा निघाल्या आणि अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. मागोमाग विलेपार्ल्यात आयबी आणि माटुंग्यात केंब्रिज बोर्ड अवतरले. मालक तोच, तिजोरी तीच. महापालिकेच्या मराठी शाळांचा पट मात्र घसरतच राहिला.

राज्य सरकारला आपल्या शाळांचा साक्षात्कार झाला तो फेब्रुवारी २०२४मध्ये. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेने वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखायला नकोत, असा नियम निघाला. सरकारी शाळा चांगली आहे, असे सरकारने पहिल्यांदाच लेखी दिले. फक्त गरिबांच्या मुलांसाठी. मंत्री आणि सचिवांच्या बंगल्यांपासून किलोमीटर मोजायची तरतूद त्यात नव्हती. तसा प्रयत्न अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५मध्ये करून पाहिला होता: अधिकाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, असा आदेश दिला. तो फायलीतच राहिला.

महाराष्ट्राचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. आता सरकारी शाळा चांगली असल्याचे पालकांना पटवायची जबाबदारी पुन्हा तिथल्या बाईंवर आली आहे. बाई पटनोंदणीला दारोदार फिरणारच आहेत, पोषण आहाराची आजची माहिती ऑनलाइन भरून झाली की. आणि त्यानंतरचे मतदारयादीचे काम उरकले की.